संगणकाच्या पडद्यावरील देवनागरी : र. कृ. जोशी यांची अक्षरसाधना

शासन निर्णय, ग्रामपंचायतीचा दाखला किंवा शाळेचे क्रमिक पुस्तक वाचीत असताना वाचकाचे सर्व लक्ष मजकुराकडे असते. ज्या अक्षरांतून तो मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचतो त्यांच्याकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. अक्षर नीट घडलेले असले म्हणजे ते वाचणाऱ्याच्या वाटेत येत नाही, आणि हेच त्याच्या घडणीचे यश होय. तथापि, एखादे जोडाक्षर तुटले, एखादी मात्रा भलत्याच ठिकाणी बसली किंवा आपल्या नावाऐवजी कागदावर अनाकलनीय खुणा उमटल्या, की अक्षर कोणीतरी घडवावे लागते याची जाणीव होते.

आज राज्यातील बहुतेक सर्व शासकीय लेखन संगणकावर होते. सातबाराचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, ग्रामसभेचे इतिवृत्त, विद्यार्थ्याची गुणपत्रिका ही सर्व कागदपत्रे संगणकीय अक्षरांतच उमटतात. ही अक्षरे संगणकात आपोआप आलेली नाहीत. ती आणण्यासाठी सुलेखनकार, मुद्रणतज्ज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ यांनी अनेक वर्षे एकत्र परिश्रम केले. या कार्यात ज्यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते असे एक मराठी कलावंत म्हणजे प्रा. रघुनाथ कृष्ण उर्फ र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे होत. हाताने अक्षर लिहिणारा कलावंत संगणकीय अक्षररचनाकार कसा झाला, त्याला प्रेरणा कोठून मिळाली आणि अक्षर घडविण्याची प्रक्रिया कशी असते, हे समजून घेणे लेखनव्यवहाराशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येकास उपयुक्त ठरेल.

खिळ्यांची परंपरा

देवनागरी लिपी यंत्रावर चढविण्याचा प्रश्न संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे. मुंबईत जावजी दादाजी यांनी निर्णयसागर ही संस्था नावारूपास आणली, तिच्या सुबक अक्षरांमागे राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कुशल कारागिराचा हात होता. पोलादाच्या ठशावर उलटे अक्षर कोरणे, त्यावरून साचा घेणे आणि साच्यातून शिशाच्या मिश्रधातूचे खिळे ओतणे असे ते काम असे. रोमन लिपीचे काम थोड्या खिळ्यांत भागत असे. देवनागरीला मात्र काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे शेकडो प्रकारचे खिळे लागत. जुळाऱ्याच्या पुढील खण त्यामुळेच मोठमोठे असत.

पुढे टंकलेखन यंत्र आले. त्याच्या कळा मोजक्याच असल्याने लिपीवरच कात्री चालविण्याचा विचार बळावला. स्वातंत्र्यवीर सावरकर, काकासाहेब कालेलकर आदींनी अ ची बाराखडी सुचविली होती, ती लिपी सुटसुटीत व्हावी म्हणूनच. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आखूड दांड्याने लिहावी असे ठरविले. लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि काही वर्षांतच तो बदल मागे घ्यावा लागला. या अनुभवातून एक धडा मिळाला. शतकानुशतके हाताला आणि डोळ्याला सवयीची झालेली लिपी यंत्राच्या सोयीसाठी एका ठरावाने बदलता येत नाही. यंत्रानेच तिच्याशी जुळवून घ्यावयास हवे.

महाराष्ट्र शासनाच्या मुद्रण विभागाची धुरा सांभाळणाऱ्या बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांचा सखोल अभ्यास केला आणि १९७१ मध्ये भाषा संचालनालयाने तो इंग्रजी ग्रंथरूपाने तीन खंडांत प्रसिद्ध केला. देवनागरीच्या मुद्रणासंबंधीचे विखुरलेले ज्ञान त्यामुळे एकत्र आले. संगणकाचे युग उंबरठ्यावर आले तेव्हा ही पूर्वतयारी महाराष्ट्रात झालेली होती.

जाहिरातीच्या कक्षातून पवईच्या वर्गात

जोशी यांचे शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत, उपयोजित कलेत झाले. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी जाहिरात व्यवसायात काम केले. त्यांपैकी बराच काळ ते उल्का या संस्थेत कलादिग्दर्शक होते. जाहिरातीच्या कामात एकच मजकूर मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ, बंगाली अशा निरनिराळ्या लिप्यांतून मांडावा लागतो आणि प्रत्येक लिपीतील मांडणीचा प्रभाव सारखाच पडावा अशी अपेक्षा असते. इंग्रजीसाठी अक्षरांचे शेकडो नमुने हाताशी आणि भारतीय लिप्यांसाठी मात्र मोजकेच, ही उणीव अशा कामात पदोपदी जाणवते. पुष्कळदा मजकुराचा मथळा कलावंताला स्वतःच्या हाताने लिहावा लागे. उणिवेतून आलेली ही सक्तीच त्या काळातील अनेक अक्षरकारांची शाळा ठरली.

१९८३ मध्ये जोशी पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कलावंत आणि अभियंता यांना एका छपराखाली आणणारे हे केंद्र १९६९ मध्ये स्थापन झाले होते. येथे त्यांचा संबंध संगणकाशी निकटचा झाला. १९८० च्या दशकात मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात (हे केंद्र पुढे २००३ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्रात म्हणजे सी-डॅकमध्ये विलीन झाले) ‘विन्यास’ नावाची आज्ञावली विकसित होत होती. भारतीय लिप्यांची अक्षरे संगणकावर रेखाटता व तपासता यावीत यासाठी ती योजलेली होती. या प्रयत्नात जोशी यांच्या अक्षरज्ञानाचा मोठा वाटा होता. अध्यापनातून निवृत्त झाल्यानंतर त्यांनी याच केंद्रात अक्षररचनेचे कार्य पुढे चालू ठेवले.

प्रेरणा : बोरू, उच्चार आणि पोथी

संगणकावर काम करणाऱ्या या कलावंताची मुळे संगणकाबाहेर, हस्तलेखनात होती. देवनागरी अक्षराचे वळण बोरूने घडविले आहे. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते. त्यामुळे तो एका दिशेने ओढला असता जाड रेघ उमटते, दुसऱ्या दिशेने ओढला असता बारीक. रोमन अक्षरांची लेखणी ज्या बाजूला तिरपी कापतात त्याच्या विरुद्ध बाजूला देवनागरीचा बोरू कापतात. म्हणूनच रोमन अक्षरात ज्या तिरप्या रेषा जाड असतात त्या दिशेच्या रेषा देवनागरीत बारीक येतात. ही एक गोष्ट लक्षात न घेता रोमन अक्षरांचे अवयव उसने घेऊन देवनागरी घडविली, तर ती परकी दिसते. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण डोळा अडखळतो.

जोशी यांचे दुसरे प्रेरणास्थान म्हणजे ध्वनी. ते स्वतः कवी होते. आकृतीतून अर्थ व्यक्त करणारी कविता त्यांनी हाताळली आणि लेखन, उच्चार व शरीराची हालचाल यांचे नाते उलगडून दाखविणारी सुलेखनाची प्रात्यक्षिकेही केली. भारतीय लिप्यांची रचना उच्चारस्थानांच्या क्रमाने लावलेली आहे. क पासून म पर्यंतचे वर्ण कंठापासून ओठांपर्यंत क्रमाने येतात. लिपी वेगळी असली तरी हा क्रम बहुतेक सर्व भारतीय लिप्यांत सारखाच आहे. या समान पायावर सर्व भारतीय भाषांसाठी ‘देशनागरी’ ही एक सामाईक लिपी योजण्याचा प्रयोग त्यांनी केला. ती व्यवहारात आली नाही. तथापि, लिप्यांच्या बाह्य भेदांखाली असलेली एकता शोधण्याची दृष्टी त्यांना त्यातून लाभली. पुढे संगणकासाठी अनेक भारतीय लिप्या एका सूत्राने हाताळताना ती त्यांच्या उपयोगी पडली.

तिसरे प्रेरणास्थान जुन्या हस्तलिखितांचे. पोथीतील लेखकू ओळीची लांबी, अक्षरांमधील जागा, जोडाक्षरांची उतरंड यांचा विचार हातानेच करीत असे. वेदपाठातील स्वर दाखविण्यासाठी अक्षरांच्या वर-खाली केलेल्या खुणा हा या परंपरेचा एक सूक्ष्म भाग होय. या खुणांना संगणकात स्थान मिळावे यासाठीही जोशी यांनी काम केले. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र संच युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत २००९ मध्ये समाविष्ट झाला.

अक्षर कसे घडते

संगणकावरील अक्षरसंचाला ‘टंक’ म्हणतात. टंक घडविण्याची प्रक्रिया कोणालाही अनुसरता येईल इतकी क्रमबद्ध आहे. मात्र तिच्या प्रत्येक टप्प्यावर निर्णय डोळ्यानेच घ्यावा लागतो.

प्रारंभी टंकाचे प्रयोजन ठरवितात. पाठ्यपुस्तकातील सलग मजकूर, रस्त्यावरील फलक, वर्तमानपत्राचा मथळा आणि संगणकाचा पडदा यांच्या गरजा भिन्न असतात. लांबून वाचावयाच्या अक्षराला मोकळी पोकळी हवी, तर लहान आकारात वाचावयाच्या अक्षराला ठसठशीत वळणे.

यानंतर अक्षरांची कुळे लावतात. ग, त, न, प, म यांसारख्या अक्षरांच्या शेवटी काना असतो. क आणि फ यांच्या मध्यभागी असतो. ट, ठ, ड, ढ, द, ह, ळ या अक्षरांना तो नसतोच. प्रत्येक कुळातील एक-दोन अक्षरे आधी रेखाटली, की कान्याची जाडी, पोटाची गोलाई, गाठीचा आकार ही सर्वांसाठीची मापे निश्चित होतात. व सिद्ध झाला की ब आणि क यांची वाट मोकळी होते. ट साधला की ठ आणि ढ त्याच्या मागून येतात. सर्व अक्षरे एकाच हाताने लिहिल्यासारखी दिसावीत हे येथील उद्दिष्ट असते.

कागदावर साधलेले अक्षर नंतर संगणकात उतरवितात. संगणक रेषेच्या कडेवरील मोजके बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्रांचे गणित लक्षात ठेवतो. अक्षराची चौकट उंचीत बहुधा १००० किंवा २०४८ भागांत विभागलेली असते व प्रत्येक बिंदूचे स्थान त्या भागांत सांगितले जाते. बिंदू जितके कमी आणि योग्य जागी, तितका वक्र निर्दोष. नवशिका विद्यार्थी पुष्कळ बिंदू देतो आणि वळण खडबडीत होते. बोरूचा हात बसलेला कलावंत हात जेथे दिशा बदलतो नेमका तेथेच बिंदू देतो. हस्तलेखनाचा सराव संगणकीय कामात असा प्रत्यक्ष उपयोगी पडतो.

शेवटी जुळणीचे नियम लिहावे लागतात. र नंतर हलन्त व व्यंजन आले तर रफार त्या व्यंजनाच्या डोक्यावर जावा. श नंतर ऱ्हस्व वेलांटी आली तर पडद्यावर ती श च्या आधी दिसावी. क, हलन्त आणि ष एकत्र आले तर क्ष व्हावा. असे शेकडो नियम टंकाच्या पोटात असतात. पूर्वी जुळारी जे काम हाताने करीत असे ते आता हे नियम करतात. जुळाऱ्याचे ज्ञान नियमांत नीट उतरले नाही, तर जोडाक्षरे तुटलेली दिसतात.

सोळा ओळींचे कोडे

संगणकाच्या पडद्यावर अक्षर ठिपक्यांनी उमटते. इ. स. २००० च्या सुमारास सर्वसाधारण पडद्यासाठी एका इंचात ९६ ठिपके धरले जात. बारा बिंदूंच्या आकाराचे अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग. त्यासाठी पडद्यावर ठिपक्यांच्या केवळ १६ आडव्या ओळी मिळत. तेच अक्षर इंचाला ३०० ठिपके देणाऱ्या मुद्रकावर ५० ओळींत उमटे. इंग्रजी अक्षरांना १६ ओळी पुरेशा होत. देवनागरीची स्थिती वेगळी आहे. ‘अटी व शर्तींचे पालन’ हे शासकीय लेखनातील नेहमीचे शब्द घ्यावेत. ‘र्तीं’ या एका अक्षरावर शिरोरेषेच्या वर दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तीन चिन्हे एकत्र येतात. ‘द्रुतगती’ या शब्दात अक्षराखाली रकार आणि त्याखाली उकार येतो. वरची चिन्हे, शिरोरेषा, अक्षराचे अंग आणि खालची चिन्हे या सर्वांची वाटणी १६ ओळींत करावयाची झाली, तर अंगाच्या वाट्याला जेमतेम निम्म्या ओळी येतात.

तेवढ्या जागेत घ आणि ध, म आणि भ, ब आणि व, ष आणि प यांच्यातील भेद टिकवावा लागतो. ध आणि भ यांची शिरोरेषा तुटलेली असते, ब च्या पोटात तिरपी रेघ असते. एक ठिपका इकडचा तिकडे झाला की ‘भाग’चा ‘माग’ होतो. कलावंताला येथे सौंदर्य आणि वाचनीयता यांत निवड करावी लागते. गाठ थोडी सोपी करावी, पोकळी थोडी वाढवावी, मात्रेची उंची कमी करावी असे तडजोडीचे अनेक निर्णय घ्यावे लागतात. त्यांतील प्रत्येक निर्णयाने अक्षराच्या पारंपरिक वळणाचा थोडा अंश सोडावा लागतो.

जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक याच काळातील होय. तो २००० मध्ये प्रसृत झालेल्या विंडोज २००० या प्रणालीबरोबर आला. तमिळसाठी लता, तेलुगूसाठी गौतमी, कन्नडसाठी तुंगा, गुजरातीसाठी श्रुती, गुरुमुखीसाठी रावी हे त्या काळातील टंकही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाले. देशातील असंख्य कार्यालयांत, शाळांत आणि घरांत संगणकावर प्रथम दिसलेली मराठी अक्षरे मंगलची होती. सुलेखनाच्या दृष्टीने मंगल हा काही देखणेपणाचा आदर्श मानला जात नाही. त्याच्या मात्रा आखूड वाटतात, वळणे कडक वाटतात. परंतु ज्या तोकड्या जागेत त्याला उभे राहावयाचे होते ती लक्षात घेतली, म्हणजे त्याचा साधेपणा कोठून आला हे कळते. पुढे पडदे सूक्ष्म झाले आणि २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ या प्रणालीत पडद्यावरील सूचनांसाठी मंगलची जागा ‘निर्मला’ या टंकाने घेतली. एका पिढीची गरज भागवून टंकाने बाजूला व्हावे, हा या क्षेत्रातील नेहमीचा क्रम आहे.

‘रघु’ या नावाचा त्यांचा देवनागरी टंक कोणासही विनामूल्य वापरता यावा व अभ्यासता यावा अशा मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. भारतीय भाषांत मुक्त आज्ञावली रुजविण्यासाठी धडपडणाऱ्या तरुणांना त्याचा मोठा आधार मिळाला.

आकार वेगळा, संकेत वेगळा

टंक कितीही सुबक असला तरी मजकूर टिकण्यासाठी आणखी एका गोष्टीची आवश्यकता असते. संगणक अक्षराचे चित्र साठवीत नाही, अक्षराला दिलेला क्रमांक साठवितो. प्रारंभीच्या काळात निरनिराळ्या टंकांनी हे क्रमांक आपापल्या सोयीने ठरविले होते. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसविले जात. त्यामुळे एका कार्यालयात लिहिलेला मजकूर दुसऱ्या कार्यालयातील संगणकावर उघडला, आणि तेथे तो विशिष्ट टंक नसला, की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसे. मजकूर नष्ट झालेला नसे, पण तो वाचण्याची किल्ली हरवलेली असे.

यावर उपाय म्हणून भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक प्रणालीची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा संच राखून ठेवलेला आहे. टंकात आकार शेकडो असले तरी क्रमांक मूळ वर्णांनाच दिलेले असतात. जोडाक्षरांना स्वतंत्र क्रमांक नाहीत. ती टंकाने नियमानुसार घडवावयाची असतात. ‘शि’ हे अक्षर साठविताना आधी श आणि मागून वेलांटी असाच क्रम असतो, म्हणजे लेखनात ती आधी दिसली तरी साठवण उच्चाराच्या क्रमाने होते. वर्णमाला उच्चारावर उभी आहे, आकार नंतरचा, हे भारतीय वैयाकरणांचे तत्त्व संगणकाच्या साठवणीत अशा प्रकारे उतरले आहे.

याचे व्यावहारिक लाभ मोठे आहेत. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही संगणकावर वा भ्रमणध्वनीवर वाचता येतो. हजारो नोंदींतून एक नाव शोधता येते, नावे अकारविल्हे लावता येतात. अंध व्यक्तींना मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावलीही असाच मजकूर नीट वाचू शकते.

शेतकऱ्यांचा र

मराठीच्या काही गरजा हिंदीहून वेगळ्या आहेत. टंक निवडताना त्यांचा विचार अवश्य करावयास हवा. यांतील सर्वांत महत्त्वाची गरज म्हणजे आडव्या रेघेने लिहिला जाणारा अर्धा र. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ मान द्यावयाचा असतो, ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाचे साहित्य. हा भेद केवळ र च्या आकाराने दाखविला जातो. शेतकऱ्यांना, गावकऱ्यांनी, अधिकाऱ्यांचा, कर्मचाऱ्यांसाठी या शब्दांवाचून शासनाचा एकही दिवस जात नाही, आणि या प्रत्येक शब्दात हा र आहे. ज्या टंकात तो नाही त्यात ‘शेतकर्यांना’ असे चुकीचे रूप उमटते. युनिकोडच्या नियमांत या रकाराची तरतूद आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट धरून नुक्ता असलेला ऱ मिळतो. त्यानंतर हलन्त आणि य लिहिला की अपेक्षित रूप सिद्ध होते. ही एवढी माहिती टंकलेखन करणाऱ्या प्रत्येकास असल्यास असंख्य कागद शुद्ध होतील.

ल आणि श यांच्या वळणांचेही असेच आहे. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणे. अनेक देवनागरी टंकांत मात्र हिंदी वळणाची रूपे आधी येतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित करून दिली. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना एकच क्रमांक असल्याने ती पुरविण्याची जबाबदारी टंक घडविणाऱ्यावर येते. चांगल्या टंकात दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी असे संगणकास सांगितले की मराठी वळण उमटते. ‘ॲ’ या अक्षराची कथा याहून निराळी. ‘ॲड’, ‘ॲप’ अशा शब्दांसाठी मराठीला हे अक्षर हवे होते, हिंदीला त्याची गरज नव्हती. युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. भाषेच्या गरजा कोणीतरी जाणीवपूर्वक मांडाव्या लागतात, तेव्हाच जागतिक प्रणालीत त्यांना स्थान मिळते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

शिक्षक आणि त्यांचा वारसा

जोशी यांचे ५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे निधन झाले. त्यांच्या कार्याचे मोल टंकांच्या संख्येने मोजता येणार नाही. लिपी ही कलावंताची, भाषाशास्त्रज्ञाची आणि अभियंत्याची सामाईक जबाबदारी आहे, ही जाणीव त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका पिढीत रुजविली. पवईच्या केंद्रात अक्षररचनेच्या अध्ययनाची परंपरा पुढेही चालू राहिली. मुंबईतील ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने ‘मुक्त’, ‘बालू’ यांसारखे टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले, आणि राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ व ‘यशोवेणू’ हे टंक मराठी वाचकांसाठी आणले. एके काळी कलावंताला मथळा हाताने लिहावा लागे, कारण निवडीस वाव नव्हता. आता निवड करण्याची जाण असणे आवश्यक झाले आहे.

अक्षररचनाकाराच्या कार्यपद्धतीतून इतर क्षेत्रांनीही घेण्यासारखे पुष्कळ आहे. तो काम सुरू करण्यापूर्वी वापरणारा कोण हे ठरवितो. जुन्या परंपरेचा अभ्यास करतो, पण साधनाच्या मर्यादा मान्य करून तिच्यातील काय राखावयाचे व काय सोडावयाचे हे निश्चित करतो. आपले काम प्रत्यक्ष वाचकापुढे ठेवून तपासतो. अर्जाचा नमुना तयार करणारा लिपिक, फळ्यावर लिहिणारा शिक्षक आणि सूचनाफलक रंगवून घेणारा सरपंच हेही एका अर्थी रचनाकारच आहेत. अर्जात नाव लिहिण्यास पुरेशी जागा आहे काय, फलकावरील अक्षर रस्त्यावरून वाचता येते काय, सूचना वयोवृद्ध माणसास चष्म्याशिवाय दिसेल काय, असे प्रश्न त्यांनीही स्वतःला विचारावयास हवेत.

शाळांतून या विषयाची गोडी लावणे अवघड नाही. बोरू किंवा तिरपी कापलेली काडी घेऊन मुलांना व, ब, क क्रमाने लिहावयास सांगावे. जाड आणि बारीक रेघ कोठे येते हे त्यांना हातानेच कळेल. त्यानंतर चौकटीच्या वहीत सोळा चौकोनांच्या उंचीत ‘शर्तींचे’ हा शब्द भरावयास सांगावा. वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांना जागा देताना मुलांची जी ओढाताण होईल, तीच अक्षररचनाकाराची रोजची ओढाताण होय.

कार्यालयांनी आणि ग्रामपंचायतींनी आपले सर्व मराठी लेखन युनिकोडमध्ये करावे, जुन्या खाजगी संकेतांतील दप्तर शक्य तितक्या लवकर युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासून घ्यावे आणि मराठीची वळणे असलेला टंक निवडावा. रूपांतरानंतर व्यक्तींची नावे, गावांची नावे आणि आकडे मूळ कागदाशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे. यंत्राने केलेल्या रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहण्याचा संभव असतो, आणि दप्तरातील नावाची चूक त्या नावाच्या माणसाला हेलपाटे घालावयास लावते. सातबारावर आपले नाव शुद्ध वाचता येणे हा प्रत्येक शेतकऱ्याचा हक्क आहे. त्या नावातील प्रत्येक काना, मात्रा आणि रफार योग्य जागी बसावा यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या श्रमांचे चीज कागद लिहिणाऱ्याच्या दक्षतेनेच होणार आहे.